घोड्याच्या पायावरची पिवळी अंडी: बॉट माशीचा बंदोबस्त

खरारा करताना घोड्याच्या पुढच्या पायावर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, केसांना चिकटलेले बारीक पिवळसर ठिपके दिसले आणि कितीही ब्रश मारला तरी ते जाईनात, तर ती बहुधा बॉट माशीची अंडी आहेत. नवीन घोडेवाले ती पाहून एक तर धूळ समजून सोडून देतात, नाही तर घाबरून त्याच दिवशी जंताचं औषध पाजतात. दोन्ही नको. अंडी हाताने काढायची आणि औषध माशीचा हंगाम संपल्यावर द्यायचं. ही दोन वेगळी कामं आहेत, एक केलं म्हणून दुसरं टळत नाही.

आधी ओळख पटवा

बॉट माशी दिसायला मधमाशीसारखी असते: केसाळ, तपकिरी, आकारानेही साधारण तेवढीच. ती चावत नाही, डंख मारत नाही, रक्तही पीत नाही. प्रौढ माशीला खाण्यापुरतं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती काही दिवस, फार तर दोन-तीन आठवडे जगते आणि तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालते. मादी घोड्याच्या पायाशी घोंगावत राहते, पोटाचं टोक खाली वळवते, क्षणभर केसाला टेकते आणि बाजूला होते. पुन्हा येते, पुन्हा टेकते. बहुतेक वेळा एका केसाला एकच अंडं लागतं. एक मादी कित्येक शे, कधी हजारापर्यंत अंडी घालू शकते. त्यामुळे संध्याकाळी पाय पिवळा धमक दिसला तरी त्यामागे माश्यांचा थवाच असेल असं नाही.

घोड्यावर अंडी घालणाऱ्या या माश्यांच्या तीन जाती नेहमी भेटतात. अंडी कुठे आहेत यावरून जात कळते आणि पुढचं कामही त्यावरच ठरतं.

सगळ्यात जास्त दिसते ती पायांवर अंडी घालणारी. पुढचे पाय, गुडघ्याची आतली बाजू, खांदे, छाती, कधी आयाळ आणि कुशी. अंडं मिलिमीटरभर लांब, फिकट पिवळं, एका टोकाला तिरकं. दुसरी जात जबड्याखाली, दोन हाडांमधल्या खोबणीत आणि घशाशी अंडी घालते. तीही पिवळसरच असतात, पण तिथे हात फिरवून पाहिल्याशिवाय सापडत नाहीत. तिसरी ओठांवरच्या बारीक केसांना अंडी लावते आणि ती काळपट असतात. काळ्या तोंडाच्या घोड्यावर ती शोधायची म्हणजे डोळ्यांची परीक्षा. चांगल्या उजेडात ओठ हलकेच ताणून पाहा.

ही उवांची लिखं तर नाहीत ना, हा प्रश्न हमखास पडतो. लिखं केसाच्या मुळाशी, कातडीला लागून असतात आणि जास्त करून आयाळीत, शेपटीच्या बुडाशी आणि पाठीवर सापडतात. बॉटची अंडी केसाच्या टोकाकडे असतात. कोंडा असेल तर बोटाने निघून येतो. अंडं चिमटीत धरून ओढलंत तर केसासकट येईल, पण सुटणार नाही, इतका त्याचा चिकटा पक्का असतो.

अंड्यातून पोटापर्यंत

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. कोणतं काम कधी करायचं हे सगळं यातूनच निघतं.

पायावरच्या अंड्यातली अळी साधारण पाच दिवसांत तयार होते, पण आपण होऊन बाहेर येत नाही. घोडा पाय चाटतो किंवा दातांनी खाजवतो, तेव्हा जिभेची ऊब आणि ओल लागते, तसं अंड्याचं झाकण उघडतं आणि अळी जिभेवर किंवा ओठावर चढते. तशी वेळ आली नाही तर ती आतच कित्येक दिवस वाट पाहते. घशाखालच्या अंड्यांना मात्र चाटण्याची गरज नसते. ती पाच-सहा दिवसांत स्वतःच फुटतात आणि अळ्या कातडीवरून सरपटत तोंडाकडे जातात.

तोंडात शिरलेल्या अळ्या जिभेत, हिरड्यांत आणि दाढांमधल्या फटींत घुसून साधारण तीन-चार आठवडे काढतात. या काळात घोडा चारा सावकाश खातो, लगामाची कडी तोंडात घेताना डोकं झटकतो, लाळ गाळतो. मग अळ्या गिळल्या जातात. पायांवरच्या जातीच्या अळ्या जठराच्या अस्तराला आकड्यांनी घट्ट धरून बसतात, तर घशाच्या जातीच्या अळ्या जठराच्या शेवटच्या टोकाशी आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला. तिथे त्यांचा मुक्काम आठ ते दहा महिने. थंडीचा सगळा काळ त्या पोटात काढतात. ऊन वाढायला लागलं की पकड सोडून लिदीबरोबर बाहेर पडतात, मातीत शिरून कोष करतात आणि महिना-दोन महिन्यांत नवी माशी उडते. वर्षाला एकच पिढी. शत्रू इतका संथ आहे ही आपल्यासाठी चांगली गोष्ट आहे.

घोड्याचं यात किती बिघडतं? खरं सांगायचं तर थोड्याफार अळ्या निरोगी घोडा सहज सोसतो. अळी जिथे धरते तिथे अस्तराला खड्डा पडतो, ती गेली की भरतो. अळ्या शेकड्यांनी असतील तर मात्र जठरात व्रण होतात, अन्न पुढे सरकायला अडथळा येतो, पोटशूळ उठू शकतो. क्वचित जठराला भोक पडून घोडा दगावतो. म्हणून रात्रीची झोप उडवून घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका.

अंडी काढायची

माशीच्या हंगामात दर दोन-तीन दिवसांनी अंडी काढा. अळी तयार व्हायला पाच दिवस लागतात, म्हणजे तुम्ही त्याच्या आत पोहोचलात की बहुतेक अंडी कच्ची असतानाच निघतात. रोज पाहिलंत तर उत्तमच, पण आठवड्यातून एकदा म्हणाल तर ते पुरत नाही.

जागा आधी ठरवा. घोडा जिथे खातो, चरतो किंवा पाणी पितो तिथे हे काम करू नका. खरवडलेली अंडी चाऱ्यात पडली तर ती पुन्हा तोंडातच जायची. फरशी किंवा झाडून घेता येईल अशी कडक जमीन बघा, सगळं गोळा करून बंद पिशवीत टाका.

हातमोजे घाला. ही सूचना लोक हसण्यावारी नेतात. पण ताजी फुटलेली अळी माणसाच्या कातडीत शिरून वळवळती लाल रेघ उठवू शकते आणि डोळ्यात गेली तर प्रकरण गंभीर होतं. काम चालू असताना डोळे चोळू नका, घाम पुसू नका, झाल्यावर साबणाने हात धुवा. मुलांना हे काम देऊ नका.

आता उभं कसं राहायचं. घोडा बांधताना गाठ अशी मारा की एका झटक्यात सुटेल, किंवा ओळखीच्या माणसाला धरायला सांगा. तुम्ही खांद्याशी, घोड्याच्या अंगाला लागून उभे राहा, तोंड त्याच्या शेपटीकडे. एक हात कायम त्याच्या अंगावर असू द्या, म्हणजे तो हलण्याआधी तुम्हाला कळतं. कमरेतून वाका, पण गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसू नका. पोटाखालून डोकं घालून पलीकडचा पाय बघण्याचा मोह होतो, तो आवरा. हंगामात घोडे तसेही चिडलेले असतात. पायाशी माशी आली असं वाटून ते पाय आपटतात आणि तिथे तुमचा हात असतो. आधी तळहाताने खांद्यापासून खाली हात फिरवत या, त्याला स्पर्श ओळखू द्या, मग हत्यार लावा.

हत्यारं तीन-चार प्रकारची मिळतात. बॉट नाइफ म्हणजे वाकड्या, बारीक दातेरी पात्याचा छोटा चाकू. तो जवळजवळ आडवा धरायचा, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हलके फटकारे मारायचे. जोर लावायची गरज पडत असेल तर पातं उभं धरलंय असं समजा. नवख्याला माझ्या मते ग्रूमिंग ब्लॉक बरा. ही सच्छिद्र दगडासारखी हलकी वडी असते, तिने वरून खाली छोटे झटके देत घासलं की अंडी निघतात आणि कापण्याची भीती नाही. वडी गुळगुळीत झाली की कडक कडेवर घासून पुन्हा खरखरीत करून घ्यायची. साधा सेफ्टी रेझरही चालतो, पण तो केस कापतोच आणि घोडा हलला की कातडीही. केस दाट वाढले असतील, अंडी शेकड्यांनी असतील तर क्लिपरने तेवढा भाग उतरवून टाकणं सगळ्यात झटपट. चार दिवस पाय विचित्र दिसेल, दिसू द्या.

गुडघ्याच्या आतली बाजू आणि नळ्याचा, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाचा, मागचा भाग राहून जातो, तिथे मुद्दाम पाहा. जखम, खरूज किंवा सोललेल्या कातडीवर पातं लावू नका. घशाखाली ब्लॉक चालतो, चाकू जपून. ओठांवर तर कोणतंच पातं नको.

ओठांसाठी कोमट पाण्याची युक्ती आहे. ती पायांनाही लागू पडते, पण नीट समजून घ्या. हाताला सोसेल इतकं गरम, साधारण 40 ते 48 अंश सेल्सिअसचं पाणी घ्या, स्पंजने अंड्यांच्या जागी जोर देऊन चोळा. ऊब, ओल आणि घासणं एकदम मिळालं की घोड्याची जीभ लागली असं वाटून तयार अळ्या बाहेर येतात आणि बाहेर पडलेली अळी तोंडात पोहोचली नाही तर मरते. हे थंड वेळी, सकाळी केलं तर जास्त साधतं, कारण पाण्याचा आणि हवेचा फरक त्यांना जाणवतो. ओठांवर मात्र अळ्या घासून लगेच पुसून काढायच्या, जिभेने त्या आत ओढायच्या आत. आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. घोड्याला तो भाग चाटू देऊ नका. मर्यादा एवढीच की दोन-तीन दिवसांची कच्ची अंडी याने फुटत नाहीत, ती जागच्या जागी राहतात. म्हणून पायांसाठी माझी पसंती खरवडण्यालाच. पाणी हा जोडउपाय.

धुतल्यानंतरही पिवळे ठिपके दिसत असतील तर ती बऱ्याचदा नुसती टरफलं असतात. अळी गेल्यावरही रिकामं कवच केसाला कित्येक आठवडे चिकटून राहतं. भिंगातून पाहिलंत तर टोकाचं झाकण उघडलेलं दिसेल. तरी काढून टाका, कारण जुनी टरफलं राहिली तर उद्या नवीन अंडी कोणती हे कळणार नाही.

खोबरेल, व्हिनेगर यांचे प्रयोग लोक करतात. तेलाने केस निसरडे होऊन पातं चांगलं फिरतं, एवढाच फायदा. चिकटा त्याने विरघळत नाही. केरोसीन किंवा डिझेल मात्र कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी लावू नका. कातडी भाजते, आणि घोडा ते चाटणार हे विसरू नका.

औषध

खरवडून सगळी अंडी निघत नाहीत, काही अळ्या आत जातातच. त्यांच्यासाठी औषध. बॉटच्या अळ्यांवर भरवशाची औषधं दोनच: आयव्हरमेक्टिन आणि मॉक्सिडेक्टिन. फेनबेंडाझोल किंवा पायरँटेल ही एरवी उपयोगी जंतनाशकं इथे काम करत नाहीत. त्यामुळे ‘जंताचं औषध दिलंय’ एवढ्यावर समाधान मानू नका, कोणतं दिलं ते विचारा.

लिदीच्या तपासणीत जंतांची अंडी मोजतात, पण बॉट त्यात दिसत नाही. पोटात असते ती अळी आणि अळी अंडी घालत नाही. अहवाल स्वच्छ आला म्हणजे जठर स्वच्छ असं होत नाही. तुमच्याकडे पुरावा एकच, तो पायावरच्या केसांचा. अंडी कधी दिसायला लागली आणि शेवटची कधी दिसली, या दोन तारखा लिहून ठेवा.

वेळ निवडताना हीच तारीख उपयोगी येते. थंड प्रदेशात पहिलं कडक दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं की माश्या मरतात. त्यानंतर साधारण महिन्याने औषध देतात, म्हणजे तोंडातल्या अळ्याही पोटात उतरलेल्या असतात आणि एका मात्रेत काम होतं. जिथे दहिवर पडत नाही तिथे नवीन अंडी दिसायची थांबल्यापासून महिना मोजा. औषध देण्याआधी उरलीसुरली अंडी काढून टाका, नाही तर दुसऱ्या दिवशी घोडा पुन्हा चाटेल आणि केलेलं पाण्यात जाईल. हंगामात अंडी दिसली की दर वेळी औषध पाजणं चुकीचं आहे. अशाने पोटातल्या इतर जंतांना औषधाची सवय होते, आणि आज ती घोड्यांमधली बॉटपेक्षा मोठी डोकेदुखी आहे.

मात्रा वजनावर ठरते. आयव्हरमेक्टिन किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, मॉक्सिडेक्टिन किलोमागे 0.4 मिलिग्रॅम. वजनकाटा नसेल तर टेपने अंदाज घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 11880 ने भागा. घेर 180 आणि लांबी 165 असेल तर वजन 450 किलो येतं, म्हणजे आयव्हरमेक्टिन 90 मिलिग्रॅम. हे सूत्र मोठ्या घोड्यांचं आहे, शिंगरांना लावू नका. डोळ्यांनी केलेला अंदाज बहुधा कमी निघतो, आणि कमी मात्रा म्हणजे अर्धवट मेलेले जंत.

सिरिंजमधली औषधाची पेस्ट देताना आधी तोंडात चारा नाही ना ते पाहा, असेल तर घोडा घासाबरोबर पेस्टही थुंकतो. सिरिंजवरची कडी वजनाच्या खुणेवर आणून घट्ट करा. तोंडाच्या कोपऱ्यात, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली जागा असते, तिथून सिरिंज आत घाला, जिभेच्या मागच्या भागावर पेस्ट सोडा आणि गिळेपर्यंत डोकं थोडं वर धरा. जमिनीवर सांडलेली पेस्ट लगेच पुसा. कोली जातीच्या आणि तिच्याशी नातं असलेल्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनची थोडीशी मात्राही विषारी ठरते, आणि तबेल्यातलं कुत्रं सांडलेलं चाटतंच.

गाईगुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका. सुईच्या जागी जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो. मॉक्सिडेक्टिन चार महिन्यांखालच्या शिंगरांना देऊ नये आणि हाडं दिसणाऱ्या, अशक्त घोड्याला पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. एका कुरणात चरणारे सगळे घोडे, गाढवं आणि खेचरं एकाच दिवशी घ्या. एक जरी सुटला तरी पुढच्या वर्षीच्या माश्या त्याच्या पोटात वाढतात.

माशी आणि लीद

ही माशी उन्हातली आहे. भर दुपारी, उघड्यावर ती सगळ्यात जोमात असते. सावलीत, तबेल्याच्या आत फारशी येत नाही आणि रात्री उडत नाही. शक्य असेल तर हंगामात घोडे दिवसा आत आणि रात्री बाहेर, असं उलटं वेळापत्रक ठेवा. अंगावर जाळीची झूल आणि पायांना जाळीचे पट्टे उपयोगी पडतात. माशी पळवणारे फवारे घोंगावणं थोडं कमी करतात, पण अंडी घालायच्या हट्टाला पेटलेल्या मादीपुढे त्यांचा फार टिकाव लागत नाही.

ऊन वाढायला लागल्यावर लिदीत दीड-दोन सेंटिमीटरच्या, जाडसर, गुलाबी-तांबूस अळ्या दिसतील. त्यांच्या अंगावर काट्यांची वलयं असतात. त्या पाहून औषधाकडे धावू नका, त्या निघूनच चालल्या आहेत. लीद मात्र लगेच उचला, कारण तिथून त्या मातीत शिरतात. या दिवसांत ताजी लीद कुरणात पसरू नका. ढीग रचा, आत नीट तापू द्या. लिदीतले शेणकिडे मेहनती असतात आणि औषध दिल्यावर काही दिवस लिदीतून बाहेर पडणारं आयव्हरमेक्टिन त्यांना मारतं. औषध वर्षातून मोजकं द्यायचं हे आणखी एक कारण.

पशुवैद्याला कधी बोलवायचं? घोडा खाताना घास टाकत असेल, तोंडाला रक्त किंवा घाण वास येत असेल, पोटाकडे वळून पाहत असेल, लोळत असेल, खाऊनही वाळत असेल तर. यातलं प्रत्येक लक्षण दातांमुळे किंवा दुसऱ्या दुखण्यामुळेही येतं, त्यामुळे घरच्या घरी बॉटवर खापर फोडून पेस्ट पाजत बसू नका. जठरातल्या अळ्या डोळ्यांनी पाहायच्या तर दुर्बीण घालावी लागते आणि ते पशुवैद्यच ठरवतात.

थंडीच्या दिवसांत नवीन घोडा विकत घेत असाल तर त्याचे पाय स्वच्छ दिसतील, पण पोट भरलेलं असू शकतं. आधीच्या मालकाला शेवटचं औषध कोणतं आणि कोणत्या महिन्यात दिलं ते विचारा. नाव सांगता येत नसेल तर दिलंच नाही असं धरून चाला आणि घोडा कळपात सोडण्याआधी पशुवैद्याशी बोलून घ्या.